घरी फ्रिज आहे का?

"तुझ्या घरी फ्रिज आहे का?"

बारावीच्या वर्गात एका मुलीच्या प्रश्नाला मी हे उत्तर दिलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. २००७-०८चं शैक्षणिक वर्ष होतं. माणदेशाच्या कडेला असलेल्या एका तालुक्याच्या गावातलं ज्युनिअर कॉलेज, दुपारची वेळ, लोडशेडिंग, डोक्यावर बंद पंखे. मी फिजिक्स शिकवतो. त्या दिवशी थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम चालू होता. एंट्रॉपी म्हणजे ढोबळमानाने पसारा. आणि हा पसारा आपणहून आवरला जात नाही, वाढतच जातो, असं सांगून मी नेहमीची उदाहरणं दिली होती. अत्तराची बाटली उघडली की वास खोलीभर पसरतो, तो परत बाटलीत जाऊन बसत नाही. कपातला चहा गार होतो, आपोआप गरम होत नाही. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून हात वर आला.

ही मुलगी एरवी फारशी बोलायची नाही. वस्तीवरून सायकलने यायची. तिचे वडील कीर्तन करतात, एवढं मला ऐकून माहीत होतं. ती म्हणाली, "सर, सगळ्याचा पसाराच होत जाणार असेल, तर मॅडम शिकवतात ते उत्क्रांतीचं कसं काय? एका पेशीपासून माणूस झाला, म्हणजे उलट पसाऱ्यातून नीटनेटकं काहीतरी तयार झालं ना?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. त्या सुमारास मी सायबर कॅफेत बसून अमेरिकेतले उत्क्रांतीवरचे वाद वाचायचो. तिथले उत्क्रांतिविरोधक नेमकं हेच विचारत आणि त्यांना ठरलेलं उत्तर मिळे. त्यामुळे मला तिचा प्रश्न ऐकूच आला नाही. मला ऐकू आले ते अमेरिकेतले धर्मप्रचारक, आणि त्यांच्या मागे तिच्या वडिलांचे टाळ. हे घरून शिकवून पाठवलंय, असं मी मनात धरलं. आणि म्हणालो, "तुझ्या घरी फ्रिज आहे का? मग त्यात पाण्याचा बर्फ होतो तेव्हा दुसरा नियम मोडतो का?"

वर्ग हसला. मीही हसलो. मग फळ्यावर नीट समजावलं: नियम बंदिस्त व्यवस्थेसाठी असतो, फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, मागची जाळी गरम होते, एकूण हिशेबात एंट्रॉपी वाढतेच. पृथ्वीला सूर्याकडून ऊर्जा मिळते, म्हणून पृथ्वीवर एखाद्या कोपऱ्यात पसारा कमी होऊ शकतो. उत्तर बरोबर होतं. तिने मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं आणि वर्षभर पुन्हा हात वर केला नाही.

संध्याकाळी स्टाफरूममध्ये मी हा किस्सा जीवशास्त्राच्या मॅडमना रंगवून सांगितला. त्यांना आवडेल असं वाटलं होतं. त्यांचीच बाजू लढवली होती ना! त्या पेपर तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो सर, तिच्या वस्तीवर अजून विजेचा खांब नाही. फ्रिज कुठला असायला?"

मी म्हटलं, "पण उत्तर बरोबरच होतं की."

"होतं ना," त्या म्हणाल्या आणि पुढचा पेपर घेतला.

---

त्यानंतर काही महिन्यांनी मी एक व्हिडिओ पाहिला. २००६च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या ला होया इथल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये शास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञांची एक परिषद झाली होती. विषय होता विज्ञान, धर्म आणि विवेक. श्रोत्यांमध्ये बसलेला खगोलशास्त्रज्ञ नील डिग्रास टायसन उभा राहतो आणि नुकतंच भाषण संपवलेल्या रिचर्ड डॉकिन्सना उद्देशून बोलू लागतो. डॉकिन्स तेव्हा ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक होते आणि त्यांच्या पदाच्या नावातच 'विज्ञानाचं लोकांना होणारं आकलन' असं होतं. टायसनचा मुद्दा साधा होता. तुमचं काम लोकांच्या दारात सत्य नेऊन टाकणं एवढंच नाही. त्यांना ते समजावं, हे आहे. समोरच्याचं मन कुठल्या अवस्थेत आहे याचं भान ठेवलं नाही, तर तुमच्या धारदार वाक्यांचा परिणाम होतो तो फक्त तुमच्या बाजूच्या लोकांवर. तुमच्यात जेवढी ताकद आहे तेवढी मग वापरलीच जात नाही.

मी माझ्या नव्या कॉम्प्युटरसमोर बसून हे पाहत होतो. कनेक्शन इतकं हळू होतं की दोन-दोन मिनिटांनी टायसन तोंड उघडून थांबायचा. त्या थांबण्यामुळे असेल, प्रत्येक वाक्य जरा जास्तच ऐकू आलं.

डॉकिन्सनी काय केलं? त्यांनी ती कानउघाडणी मान्य केली, आभारही मानले. भरसभेत, कॅमेऱ्यासमोर. आमच्याकडे एखाद्या सेमिनारमध्ये कुणा नामवंताला तरुण माणसाने असं सुनावलं असतं, तर त्याचं पुढचं भाडंभत्तं निघालं नसतं. मला डॉकिन्सबद्दल फार आदर वाटला. पण लगेच त्यांनी एक किस्सा सांगितला. माझ्याहून वाईट माणसंही आहेत, म्हणाले. एका प्रसिद्ध विज्ञान साप्ताहिकाच्या माजी संपादकाला कुणीतरी त्यांचं धोरण विचारलं. तर तो म्हणाला, विज्ञान रंजक असतं, ज्याला पटत नसेल त्याने खुशाल चालतं व्हावं. संपादकाचे शब्द याहून बरेच कडक होते. सभागृहात हशा पिकला. टायसनही हसला.

तो हशा मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकला. डॉकिन्सनी खरोखर मान्य केलं होतं, त्याबद्दल मला शंका नाही. पण मान्य केल्यानंतरच्या दुसऱ्याच मिनिटाला लोक हसत होते, आणि टायसनने विचारलेली गोष्ट हवेत विरून गेली होती. समोर जो नाही, ज्याला पटत नाही, ज्याला 'चालतं व्हा' म्हणायचं, तो त्या हशात कुठेच नव्हता. माझ्या वर्गात मात्र ती तिसऱ्या बाकावर बसलेली होती.

---

आता मला त्या प्रश्नाचाच छडा लावावासा वाटू लागला. प्रश्न अमेरिकेतल्या प्रचारकांचा आहे, असं मी धरून चाललो होतो. वाचत गेलो तेव्हा कळलं की, उष्णतेचे नियम हातात घेऊन उत्क्रांतीला जाब विचारण्याची सुरुवात खुद्द त्या नियमांच्या एका जनकाने केली होती. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन. माझ्याच विषयातले. ज्यांच्या नावाचं एकक मी रोज फळ्यावर लिहितो ते.

डार्विनचं पुस्तक १८५९ साली आलं. उत्क्रांतीला वेळ लागतो, तो पृथ्वीने दिलाय हे दाखवायला त्याने इंग्लंडमधलं वील्ड हे खोरं झिजायला किती वर्षं लागली असतील याचा अंदाज केला होता: सुमारे ३० कोटी. त्यावर टीका झाली आणि १८६१च्या तिसऱ्या आवृत्तीतून त्याने तो आकडा काढून टाकला. १८६२ साली केल्व्हिननी पृथ्वीच्या वयाचं गणित मांडलं. पृथ्वी सुरुवातीला वितळलेल्या खडकाचा गोळा होती असं धरा. खाणीत खाली जावं तसं तापमान किती वाढतं, हे मोजलेलं आहे. खडकातून उष्णता किती वेगाने वाहते, हेही मोजलेलं आहे. मग आजची अवस्था यायला किती वर्षं लागली असतील? उत्तर आलं सुमारे १० कोटी. फार तर २ ते ४० कोटींच्या दरम्यान. पुढे म्हातारपणी ते २ ते ४ कोटींपर्यंत खाली आले. सूर्याचंही तसंच. आकुंचन पावत तापणारा गोळा म्हणून त्याचा हिशेब केला, तर सूर्य अब्जावधी वर्षं जळणं शक्यच नाही.

डार्विनकडे याला उत्तर नव्हतं. केल्व्हिनच्या या मतांनी आपल्याला किती छळलंय, हे त्याने १८६९मध्ये वॉलेसला पत्रातून कळवलं होतं. त्याच वर्षी डार्विनचा मित्र थॉमस हक्स्ली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचा अध्यक्ष म्हणून बोलायला उभा राहिला. त्याला केल्व्हिनच्या गणितातली चूक काढता येत नव्हती, त्याने तसा आवही आणला नाही. त्याचं म्हणणं एवढंच होतं की, गणित हे फार उत्तम जातं आहे, कितीही बारीक दळून देईल. पण जे वैरलं त्याचंच पीठ पडणार. पानभर सूत्रं लिहिल्याने कच्च्या माहितीचा पक्का निष्कर्ष होत नाही.

मी हे वाचलं तेव्हा फिजिक्सवाला म्हणून मला थोडा राग आला, तो कबूल करतो. आमच्याकडे सूत्र आहे, आकडा आहे. तुमच्याकडे काय आहे? कबुतरं आणि गांडुळं! हा तोरा मी स्टाफरूममध्ये मॅडमसमोर कितीतरी वेळा मिरवला होता.

केल्व्हिनच्या गणितातली नेमकी भेग दाखवली ती जॉन पेरी या अभियंत्याने, १८९५ साली. हा पेरी एके काळी ग्लासगोमध्ये केल्व्हिनचाच मदतनीस होता. त्याने म्हटलं, गणित बरोबर आहे, पण पृथ्वी आतपर्यंत सारख्याच मंदपणे उष्णता वाहून नेते, हे गृहीत कशावरून? आतला भाग जर थोडाफार द्रवासारखा वागत असेल आणि तिथे उष्णता जास्त सहज फिरत असेल, तर आजचंच तापमान धरून वय कितीतरी पट वाढतं, अब्जांमध्येही जाऊ शकतं. आधी त्याने खाजगीत सांगून पाहिलं. मोठ्या माणसांनी मनावर घेतलं नाही, तेव्हा 'नेचर'मध्ये छापलं. तरी फारसं कुणी ऐकलं नाही. आज आपल्याला माहीत आहे की, पृथ्वीचं प्रावरण खरोखरच अतिशय संथपणे ढवळलं जातं.

मग १९०४. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ३२ वर्षांचा अर्नेस्ट रदरफर्ड किरणोत्सर्गावर बोलायला उभा राहिला. किरणोत्सर्गी पदार्थ सतत उष्णता देतात, म्हणजे पृथ्वीच्या आत उष्णतेचा असा साठा आहे जो केल्व्हिनच्या हिशेबात नव्हताच. अंधाऱ्या सभागृहात श्रोत्यांमध्ये स्वतः केल्व्हिन बसलेले, वय ७९. रदरफर्डने नंतर सांगितलेल्या आठवणीप्रमाणे म्हातारबुवा झोपले होते, म्हणून त्याला हायसं वाटलं. पण अडचणीचा भाग आला आणि नेमके ते ताठ बसले, एक डोळा उघडून बघू लागले. तेव्हा ऐन वेळी रदरफर्डला सुचलं. तो म्हणाला की, उष्णतेचा एखादा नवा स्रोत सापडला नाही तर, अशी अट लॉर्ड केल्व्हिन यांनी स्वतःच घातली होती; आज आपण ज्याबद्दल बोलतोय त्याचं जणू त्यांनी भाकीतच केलं होतं. म्हातारबुवांचा चेहरा खुलला.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा चतुराई म्हणून हसलो. आता मला ती वेगळी वाटते. रदरफर्डने आपल्या निष्कर्षात काडीचीही तडजोड केली नाही. पृथ्वी केल्व्हिन म्हणतात त्याहून खूप जुनी असू शकते, हे त्याने भरसभेत सांगितलंच. फक्त ते सांगताना समोरच्या माणसाला उभं राहायला जागा ठेवली. अर्थात, केल्व्हिन शेवटपर्यंत पूर्णपणे बदलले नाहीत. १९०७मध्ये ते गेले. सूर्याचं कोडं सुटायला अणुकेंद्रांच्या एकत्र येण्यातून मिळणाऱ्या ऊर्जेचा शोध लागावा लागला, ते हान्स बेटेंच्या कामातून १९३९मध्ये स्पष्ट झालं. आणि क्लेअर पॅटरसनने उल्कापाषाणातल्या शिशावरून पृथ्वीचं वय ठरवलं १९५६मध्ये: सुमारे ४५५ कोटी वर्षं. केल्व्हिनच्या १० कोटींच्या पंचेचाळीस पट. डार्विनला हवा होता त्याहून जास्त वेळ मिळाला, पण तो जाऊन तोवर सत्तरावर वर्षं उलटली होती.

फिजिक्सवाल्यांची ही खोड जुनी आहे आणि ती केल्व्हिनबरोबर संपली नाही. आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांनी ताऱ्यांच्या पोटात कार्बन कसा तयार होतो, हे सांगताना कार्बनच्या अणुकेंद्राची एक ऊर्जापातळी आधी भाकीत केली होती आणि ती तशीच सापडली. असा माणूस १९८०च्या दशकात म्हणत होता की, जीवन योगायोगाने तयार होणं म्हणजे भंगारच्या आवारातून वावटळ जावी आणि मागे तयार बोइंग विमान उभं राहावं. उपमा झकास आहे. पण नैसर्गिक निवड ही वावटळ नव्हे. ती प्रत्येक पायरीवर थोडं राखून ठेवते, राखलेल्यावर पुढचं थोडं चढवते. एकदम विमान बांधायला ती कधी बसतच नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की, तिसऱ्या बाकावरच्या मुलीने माझ्या वर्गात, पाठ्यपुस्तकाबाहेर एक पाऊल न टाकता, एकोणिसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या वैज्ञानिक वादाच्या उंबरठ्यावर आणून मला उभं केलं होतं. एका तासात फिजिक्स ऐकलं, दुसऱ्या तासात बायोलॉजी, आणि दोन्ही जोडून बघितलं. वर्गातल्या इतर कुणी हे केलं नव्हतं. मीही विद्यार्थी असताना केलं नव्हतं. आणि मी तिला फ्रिज दाखवला.

---

२०१८च्या जानेवारीत औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, एका संमेलनाच्या निमित्ताने आलेल्या केंद्रीय शिक्षण खात्याच्या राज्यमंत्र्यांनी, सत्यपाल सिंह यांनी, डार्विनचा सिद्धान्त चूक असल्याचं सांगितलं. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे लिहिलेलं नाही, तेव्हा शाळा-कॉलेजांतून हे बदललं पाहिजे, असा त्यांचा रोख होता. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून याला विरोध केला. ते गरजेचंच होतं; अशा वेळी गप्प बसणं म्हणजे संमती देणं. नंतर २०२३मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातल्या 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्यातली उत्क्रांती गेली, नुसती आनुवंशिकता उरली. १८००हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी पत्रावर सह्या केल्या. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मात्र पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांतीचा आहे. आम्ही स्टाफरूममध्ये यावर समाधान व्यक्त केलं आणि चहा मागवला.

चहा पिताना मॅडम म्हणाल्या, "सर, धडा पुस्तकात आहे. मुलांच्यात आहे का?"

त्यांनी अकरावीच्या नव्या मुलांना विचारून पाहिलं होतं. धडा सगळ्यांनी वाचलेला. गुण बहुतेकांना चांगले. पण 'तुला हे पटतं का?' असं विचारलं की मुलं इकडेतिकडे बघत. 'मॅडम, परीक्षेपुरतं' असं एकाने प्रामाणिकपणे सांगितलं. ज्याला शंका आहे तो विचारत नाही, कारण विचारलं की हसतात. सहीचं पत्र दिल्लीला जातं, पण ही शंका कुठल्याच पत्त्यावर जात नाही.

नारळीकरांची एक पद्धत आठवली. मुलं स्वाक्षरी मागायला आली की ते सांगायचे, पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तर पाठवीन, त्याखाली माझी सही असेल. म्हणजे सही हवी तर आधी प्रश्न द्या.

त्यातून आमचा कार्यक्रम ठरला. २८ फेब्रुवारी, विज्ञान दिन, २०२४. दर वर्षी आम्ही कुणा पाहुण्याला बोलावून रामन परिणामावर भाषण ठेवतो आणि मुलं मोबाइल बघतात. या वेळी मी आणि मॅडम, दोन खुर्च्या, मध्ये सूत्रसंचालक नाही. मी केल्व्हिन, त्या हक्स्ली. अट एकच: मी केल्व्हिन खरेपणाने मांडायचा. शेवटी हरणार आहे म्हणून आधीपासून लेचापेचा नाही.

तो खरेपणा मला जमला. जरा जास्तच जमला. मी फळ्यावर समीकरण लिहिलं, खाणीतल्या तापमानाचे आकडे दिले, दहा कोटी काढून दाखवले. मॅडमनी हक्स्लीसारखं जात्याचं उदाहरण दिलं. मध्यंतरात हात वर करायला सांगितले. वर्गातल्या पाचांपैकी चार हात केल्व्हिनच्या बाजूने होते. का, म्हणून विचारलं तर एक मुलगा म्हणाला, "सरांकडे आकडा आहे." मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. मला एकदम घाम आला. वीस वर्षांचा माझा तोरा त्या मुलाने एका वाक्यात माझ्या हातात ठेवला होता.

मग पेरी, मग रदरफर्ड, मग ४५५ कोटी. मी फळ्यावरचा दहा कोटींचा आकडा स्वतः पुसला. तसं ठरलंच होतं. पण पन्नासेक मुलांसमोर आपल्याच अक्षरातला आकडा पुसताना बरं वाटत नाही, एवढं सांगतो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, केल्व्हिन एवढा हुशार असून चुकला. मग आज आपण शिकतो ते पण उद्या चुकीचं निघेल की. उत्क्रांती पण."

मंत्र्यांना आवडला असता असा प्रश्न. पण या वेळी मी मंत्र्यांकडे न बघता मुलाकडे बघितलं. म्हटलं, निघू शकतं. पण केल्व्हिनचं काय गेलं आणि काय राहिलं, ते बघ. उष्णता वहनाचं समीकरण राहिलं, ते आजही परीक्षेला येतं. दुसरा नियम राहिला. गेलं ते एक गृहीत. आणि ते कसं गेलं? कुणी मोठ्याने बोललं म्हणून नाही. कुणीतरी नवीन मोजलं म्हणून. उत्क्रांतीला कुणी चूक म्हणत असेल तर त्याला एवढंच विचार, नवीन काय मोजलंस? मॅडमनी जीवाश्मांचं सांगितलं, डीएनएचं सांगितलं: दोन स्वतंत्र वाटांनी येणारे पुरावे एकच वंशवृक्ष दाखवतात, ते.

शेवटी चिठ्ठ्या. नाव लिहायचं नाही, कुणी हसायचं नाही. पहिला जीव निर्जीवातून नेमका कसा तयार झाला, या चिठ्ठीला आम्ही दोघांनी 'माहीत नाही; यावर काम चालू आहे' असं उत्तर दिलं. सहावी की सातवी चिठ्ठी मी उघडली: 'एंट्रॉपी वाढत असेल तर उत्क्रांती कशी होते?'

तोच. कुणी लिहिला माहीत नाही. मी वर्गाकडे बघितलं आणि म्हटलं, याचं उत्तर मी उद्याच्या तासाला देतो. मॅडमनी आश्चर्याने पाहिलं. त्यांना वाटलं असेल, फ्रिज विसरला की काय.

---

त्या रात्री मी त्या मुलीला फोन केला. ती आता शेजारच्या तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, नंबर मॅडमकडे होता. ख्यालीखुशाली झाली. वडील आहेत, कीर्तन कमी केलंय, गुडघे दुखतात. मग मी सांगितलं: बारावीत तू एक प्रश्न विचारला होतास, एंट्रॉपी आणि उत्क्रांतीचा. मी तेव्हा नीट वागलो नाही. ते राहून गेलं होतं.

थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "सर, प्रश्न नाही आठवत मला. फ्रिज आठवतो."

मी पलीकडे काय बोलणार! "हो," एवढंच म्हणालो.

"मग त्याचं उत्तर काय होतं, सर?"

"तेव्हा सांगितलं होतं मी फळ्यावर."

"तेव्हा ऐकू नव्हतं येत."

म्हणून पुन्हा सांगितलं. सूर्याकडून येणारा प्रकाश साडेपाच हजार अंश तापलेल्या पृष्ठभागावरून येतो. पृथ्वी जवळपास तेवढीच ऊर्जा अवकाशात परत टाकते, पण कमी तापमानाची, अवरक्त किरणांच्या रूपात. एक प्रकाशकण आत येतो, त्याच्या बदल्यात सरासरी वीसेक कण बाहेर जातात. ऊर्जा तेवढीच, पसारा जास्त. बाहेर एवढा पसारा जात असताना आत एखाद्या पानात, एखाद्या पेशीत थोडी आवराआवर होऊ शकते. नियम फक्त एवढी परवानगी देतो. आवराआवर कशी होते, ते तो सांगत नाही. ते मॅडमचं काम, डार्विनचं.

"आणि फ्रिजचं उदाहरण तसंही चांगलं नव्हतं," मी म्हटलं. "फ्रिजला मोटर लागते, वायर लागते, कुणीतरी बटण दाबावं लागतं. मी माठाचं द्यायला हवं होतं. माठातलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा गार होतं की नाही? कुणी बटण दाबत नाही. थोडं पाणी झिरपून वाफ होऊन जातं, जाताना उष्णता नेतं, बाहेर पसारा वाढवतं. आत राहिलेलं पाणी गार. माठ तुझ्या घरी होता."

"होता," ती म्हणाली. "दोन होते."

मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी का होईना, उत्तर जागेवर पोहोचलं, असं वाटलं. इतक्यात ती म्हणाली, "पण सर, माठ कुंभाराने केलेला असतो ना? म्हणजे कुणीतरी केलाच की. माझी पोरं हेच विचारतील."

मी हसणार होतो. थांबलो.

"बरोबर आहे," म्हटलं. "मग माठ नको. ओलं फडकं धर. नाहीतर घाम घे. उन्हातून सायकल मारून आलेल्या माणसाचा."

"घाम चालेल," ती म्हणाली. "थांबा सर, लिहून घेते."